साठ मीटर साखळी

पार्किंगमध्ये साखळी पसरली आहे,
साठ मीटर, बोटाएवढ्या जाड कड्यांची,
हर्षदभाईंच्या गाडीला वळसा घालून
पंपाच्या खोलीपर्यंत, आणि परत.
दर दहा मीटरवर गजेंद्र रंगाचा पट्टा मारतो :
लाल, पांढरा, मग दोन लाल.
पाणी जितकं खोल, त्याच्या पाचपट साखळी सोडायची.
कारेलीबागेतून समुद्र दिसत नाही.
"दरियो क्यां छे?" हर्षदभाई रोज विचारतात,
आणि मी सांगते, निघालाय, वाटेत आहे.

होडी मांडवीला, कच्छात, शेडखाली,
डोलकाठी उतरवून ठेवलेली.
तेहतीस फूट. आमचा हॉल आणि थोडं स्वयंपाकघर.
इथे राहतं फक्त तिचं सामान.
आणि वाद.

त्याला हवं होतं खारं पाणी गोडं करणारं यंत्र.
बिघडलं तर?
बिघडत नाही, म्हणाला
रिफायनरीत तीस वर्षं काढलेला माणूस,
आणि स्वतःच हसला.
यंत्र गेलं, शंभर लिटरच्या चार टाक्या आल्या.
मग अख्खा मे महिना, बडोद्यात,
माणशी रोज पाच लिटर.
भांडी मिठाच्या पाण्यात.
रेवाबेननं दुसऱ्याच दिवशी सगळीकडे सांगितलं,
साहेबांचं पेन्शन अडकलंय.

फ्रिजही बंद करून पाहिला.
लोणचं टिकतं, लिंबं टिकतात,
तेलाचा हात फिरवलेली अंडी टिकतात.
अबोला टिकत नाही,
तेहतीस फुटांत तोंड फिरवायला जागा नसते.

शिडाचं कापड मात्र मी निवडलं.
दांडिया बाजारात पडद्यांचं दुकान चालवलंय मी, सव्वीस वर्षं.
तो पोरगा काहीतरी चकचकीत दाखवत होता, शर्यतीचं.
चुरगाळून कानाशी नेलं.
एवढं कुरकुरणारं फार दिवस जगत नाही.
जाड घेतलं, मऊ, तिहेरी शिवणीचं.
हळू जाईल, गजेंद्र म्हणाला.
म्हटलं, कुणी वाट बघतंय का?

सुलेमान मालमनं यादी वाचलीच नाही.
घडी घालून परत दिली, चहा ओतला बशीत,
म्हणाला, बाई,
अंधारात हाताला लागत नाही
ते होडीवर नाहीच असं धरायचं.
तेव्हापासून रात्री दिवे घालवून आम्ही
शोधायचो पाना, बॅटरी, सुई-दोरा, आयोडिन.
त्याच्या कपाळाला कपाटाचं दार.
माझ्या हाताला किसणी.

श्रावणात विश्वामित्री आली.
रात्री पावणेतीन, वीज गेलेली,
जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पाणी,
आणि फाटकापाशी एक ओंडका, जो ओंडका नव्हता,
शेपूट हलवून शांतपणे पुढे गेला.
हर्षदभाईंची गाडी तरंगू लागली.
माझा हात आपोआप तिसऱ्या खुंटीवर गेला : बॅटरी.
गजेंद्रचा डावीकडे, खाली : दोर.
मांडवीत शिकलेली गाठ त्यानं जिन्यातूनच घातली,
गाडीच्या खिडकीतून कठड्याला, सैल, लांब सोडून.
ताणून बांधलेलं आधी तुटतं.
हर्षदभाई वरून ओरडत होते, टाइट करो, टाइट करो.

मग तीन दिवस
आमच्या चार टाक्यांवर सत्तावीस माणसं.
माणशी पाच लिटर, थोडं कमीच,
आणि माप घेऊन बसलेली मी.
रेवाबेन अडकली होती आमच्याकडेच.
तिनं सगळ्यांना शिकवलं
एका तांब्यात अंघोळ कशी करतात.

गाडी राहिली. इंजिन गेलं, पण राहिली.
साखळी गाळाखाली सापडली,
लाल पट्टे शाबूत, पांढरे ओळखू येईनात.
ते आता पिवळे करायचे.

दिवाळीनंतर वारा उत्तरेचा होईल.
यादीतून कॉफीचं भांडं कापलं, त्याच्याच हातानं.
एक गोष्ट वाढली : सोळा मिलिमीटरचा दोर, पन्नास मीटर.
आधीचा हर्षदभाईंनी मागून घेतलाय.
समुद्राचं आता विचारत नाहीत.
काल दारात उभे राहिले, दोराचं टोक हातात,
म्हणाले, जाताय तर जा,
पण ही गाठ
शिकवून जा.